दाव्याचं दुसरं टोक

माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर गाडगेबाबांचं नाव आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. चार वर्षं प्रत्येक हॉल तिकिटावर, प्रत्येक मार्कशीटवर ते छापलेलं होतं आणि आमच्यापैकी कुणीही ते वाचलं नाही. आमचे डोळे थेट बॅकलॉगच्या रकान्यावर. बाबा आम्हाला चित्रातले माहीत होते: हातात खराटा, डोक्यावर फुटकं गाडगं, अंगावर चिंध्या, पांढरी दाढी. हा माणूस कधीकाळी आठ वर्षांचा होता हे डोक्यातच आलं नव्हतं.

ते आलं गेल्या वर्षी, पुण्यात. रात्री तीनला जाग यायची, छाती धडधडायची. आधी वाटायचं सर्व्हर पडला असेल. लॅपटॉप उघडून बघितलं तर सगळं हिरवं. असं दोन महिने झाल्यावर एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "लहानपणी अशी भीती वाटली की काय करायचास?"

"कोठ्यात जायचो."

त्यांना आधी कळलं नाही. आमच्याकडे वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात.

त्याच आठवड्यात, लोकलमध्ये वेळ काढायचा म्हणून, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ साली लिहिलेलं गाडगेबाबांचं चरित्र मोबाईलवर वाचायला घेतलं. आणि त्यात मला आमच्याच भागातल्या कोठ्यातला दुसरा एक मुलगा भेटला. माझ्या आधी सव्वाशे वर्षं. आमचं गाव दर्यापूरकडचं. तिथून त्याचं जन्मगावही जवळ आणि तो वाढला ते गावही. मोटारसायकलनं एका दिवसात दोन्ही करून संध्याकाळी घरी येता येतं.

देबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, आताच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. जात परीट. बाप झिंगराजी दारूनं पोखरला आणि देबू आठेक वर्षांचा असताना गेला. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. बाप मेलेला, घर सुटलेलं, आणि आई स्वतःच भावाच्या दारात आश्रित. मामाच्या घरी आश्रयाला आलेल्या पोराला काय काम मिळतं हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. त्याला ढोरं मिळाली.

सकाळी उठून शेण काढायचं, कोठा झाडायचा, ढोरं सोडायची, दिवसभर चारायची, पाण्यावर न्यायची, धुवायची, दिवेलागणीला परत आणून बांधायची. चरित्रकार सांगतात की हे काम तो मन लावून करायचा. नदीत पोहण्याचं वेड त्याला याच दिवसांत लागलं, गुराख्यांच्या पोरांना जमवून भजन म्हणायचंही. मला एक जास्तीचा अंदाज करावासा वाटतो, पुरावा मागू नका: ज्या खराट्यानं पुढे महाराष्ट्रातली गावंच्या गावं झाडली, तो त्याच्या हातात पहिल्यांदा दापुऱ्याच्या कोठ्यात आला असणार.

त्या पोराला आतून काय वाटत होतं हे मात्र कुठल्या कागदावर सापडायचं नाही. १८८० च्या दशकात परटाच्या पोराच्या मनाची नोंद ठेवायला कोण बसलं होतं? इंग्रज सरकार नोंदी ठेवत होतं, पण कापसाच्या गाठींच्या.

त्या गाठींची गोष्ट इथे थोडी सांगायला हवी, कारण देबूची ढोरं त्या गोष्टीत उभी आहेत. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. त्याच दशकात अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा रेल्वेचा रूळ आला. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापसावर आणि दुष्काळावर एक पुस्तक लिहिलंय आणि मध्य भारतातल्या जनावरांवर दुसरं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा: कापसासाठी गायरानं नांगराखाली गेली, जंगलं सरकारी राखीव झाली, चराई आक्रसली आणि शेकडो वर्षं जनावरांवर जगणारा मुलूख जनावरांना पोसू शकेनासा झाला. मग १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. माणसं मेली तशी दावणीची दावणी रिकामी झाली. देबूजी तेव्हा विशीत होता.

म्हणजे तो ज्या ढोरांच्या मागे फिरला ती आक्रसत जाणाऱ्या कुरणातली. "निसर्गाच्या सान्निध्यातलं रम्य बालपण" असं काही डोळ्यांपुढे आणू नका.

आता जरा लांब जातो, न्यूयॉर्कला. तिथे बोरिस लेव्हिन्सन नावाचा एक बालमानसशास्त्रज्ञ होता. १९५० च्या दशकात एकदा एका मुलाला घेऊन त्याचे आईबाप वेळेआधीच येऊन थडकले. पोरगा स्वतःत मिटलेला, कुणाशी बोलत नव्हता. लेव्हिन्सनचा कुत्रा जिंगल्स एरवी पेशंटच्या वेळेला खोलीत नसायचा, त्या दिवशी होता. तो सरळ पोराकडे गेला आणि त्याला चाटायला लागला. पोरगं त्याला बिलगलं आणि जाताना म्हणालं की कुत्र्याशी खेळायला परत यायचंय. लेव्हिन्सननं हे पुढे अनेक मुलांबाबत ताडून पाहिलं आणि १९६२ मध्ये कुत्र्याला सहउपचारक म्हणणारा लेख लिहिला. त्याआधी परिषदेत हे मांडलं तेव्हा लोक हसले. कुत्र्याला फीमधला किती हिस्सा देता, असंही कुणी विचारलं म्हणे.

हसणं थांबायला वेळ लागला. १९८३ मध्ये एरिका फ्रीडमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९ ते १६ वर्षांच्या ३८ मुलांचा रक्तदाब मोजला. मुलं एकदा नुसती बसलेली, एकदा मोठ्यानं वाचताना. खोलीत एक ओळखीचा नसलेला पण गरीब स्वभावाचा कुत्रा असला की दोन्ही वेळा रक्तदाब कमी. मोठ्यानं वाचताना! ज्याला वर्गात उभं राहून धडा वाचायला सांगितल्यावर घाम फुटलाय, त्याला या एका ओळीचं मोल कळेल.

लेव्हिन्सनच्या खोलीत जनावराला मुलाकडे आणलं होतं. दापुऱ्यात मुलाला जनावरांकडे सोपवलं होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण माझा अनुभव दुसऱ्या प्रकारातला आहे. कुरवाळायचं जनावर आणि राखायचं जनावर या वेगळ्या गोष्टी आहेत. कुत्रा तुमच्यावर प्रेम करतो म्हणून बरं वाटतं. बैल तुमच्यावर प्रेम वगैरे करत नाही, किंवा करत असेल तर तोंडावर दाखवत नाही. पण त्याला पाणी तुम्हीच दाखवायचं असतं. ज्याच्या स्वतःच्या हातात जगातलं काहीच नाही अशा पोरावर कुणीतरी अवलंबून असतं.

बांड्या आणि तांब्या. आमची जोडी. बांड्या पांढरा, त्यावर काळे ठिपके, मारका. तांब्या लाल आणि आळशी. २००६ साली मी नऊ वर्षांचा होतो. आता मोठा झाल्यावर त्या वर्षाकडे आकडेवारी म्हणून बघता येतं: १ जुलै २००६ ला पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, अमरावती आणि अकोला त्यांत होते, कारण कापूस पिकवणारी माणसं आत्महत्या करत होती. तेव्हा मला एवढंच कळायचं की गल्लीत बाया मोठ्यानं रडत पळाल्या की कुणाच्या तरी बाबानं औषध घेतलंय. आमच्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात. सर्दीला औषध आणि कापसालाही औषध. त्या एका शब्दानं मला दोन वर्षं झोपू दिलं नाही.

आमच्या घरीही डबा होता, मागच्या खोलीत, फळीवर. मी रोज शाळेतून आलो की तो हलवून बघायचो, कालच्याइतकाच भरलेला आहे का. शाळेत पोट दुखायचं. सर म्हणायचे नाटक करतो. रात्री बाबांच्या छातीवर चादर वरखाली होते का ते बघत पडायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर खरं होईल असं वाटायचं.

पहाटे चारला मात्र एक आवाज यायचा. बांड्याच्या गळ्यातली घाटी. तो आवाज म्हणजे बाबा उठून कोठ्यात गेलेत, कुटार टाकतायत, बैल उभे राहिलेत. म्हणजे बाबा आहेत. म्हणजे आजचा दिवस निघाला. काही दिवसांनी मीच त्या आवाजाला उठून कोठ्यात जायला लागलो. काम दहा मिनिटांचं: कुटार, थोडी ढेप, पाण्याची बादली. मग मी बांड्याच्या पोटाला पाठ टेकून बसायचो. मारका बैल, पण चारच्या वेळेला काही करत नसे. त्याचं पोट गरम. रवंथ करताना ते एका लयीत हलतं, आणि थोड्या वेळानं आपला श्वासही त्या लयीत यायला लागतो. हे मी तेव्हा समजून केलं नाही. आता फोनमधल्या एका ॲपमध्ये श्वासासोबत लहानमोठा होणारा एक निळा गोल असतो, तो बघितला की मला बांड्याचं पोट आठवतं. ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन महाग आहे.

समुपदेशक बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की घाबरलेल्या मुलाला दोन गोष्टी लागतात: ठरल्या वेळी ठरलेलं घडणं, आणि आपल्या हातून काहीतरी नीट होणं. म्हटलं, त्या दोन्ही आमच्याकडे एकाच दाव्याला बांधल्या होत्या.

पण इथे मला स्वतःलाच अडवायला हवं. कारण ही गोष्ट सोयीची व्हायला लागली आहे. देबू गुराखी होता याचा सरळ अर्थ तो शाळेत नव्हता. बिनपगारी बालमजूर होता. त्यात त्याला आधार सापडला असेल, पण तो त्यानं स्वतः शोधला. दिला कुणी नव्हता. आणि पुढे हाच माणूस कीर्तनातून गावोगाव सांगत फिरला की जेवायचं ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. मिळालेल्या देणग्यांतून त्यानं धर्मशाळा बांधल्या, शाळा आणि वसतिगृहं उभी केली. स्वतःच्या बालपणाचं त्यानं उदात्तीकरण केलं नाही. "आमच्या वेळी ढोरं राखायचो, मोबाईल नव्हते, टेन्शन नव्हतं" असं म्हणणारे काका मला प्रत्येक लग्नात भेटतात. देबूजी त्या काकांपैकी नव्हता.

आणि आधार म्हणावा तर तोही कच्चाच. मोठा झाल्यावर देबूजी मामाची शेती जीव तोडून करत होता. मामा कर्जात, कागद सावकाराकडे. मामा खचून गेला. जमिनीवर ताबा घ्यायला सावकाराची माणसं आली तेव्हा देबूजी शेतात पाय रोवून उभा राहिला. बापाला दारूनं नेलं, मामाला कर्जानं. या दोन गोष्टींमध्ये वऱ्हाडाची दीडशे वर्षं बसतात. कर्ज आलं की घरातून पहिल्यांदा काय जातं? सोनं असेल तर सोनं. नसेल तर दावणीतलं जनावर. ज्याच्या पोटाला पोरगं टेकून बसलेलं असतं ते.

त्याच्या मुलीचं बारसं ठरलं तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. जातीच्या रिवाजाप्रमाणे बकरं आणि दारू हवी होती. देबूजीनं दोन्ही नाकारून गोड जेवण घातलं. भाऊबंद चिडले. यात कर्जाचा हिशेब होता, बापाची दारू होती, आणि मला वाटतं ते बकरंही होतं. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यानं घर सोडलं. पुढे पन्नास वर्षं तो जत्रांमधून देवापुढे बकरी-कोंबडी कापू नका म्हणून सांगत राहिला आणि मूर्तिजापूरला त्यानं गोरक्षण उभं केलं. तो शब्द आज वेगळ्याच कारणांनी तापलेला आहे, ते बाजूला ठेवू. त्याच्या हिशेबात गाय होती तसं बकरं होतं, कोंबडं होतं.

बाबांच्या शिकवणीची दहा कलमं तुम्ही कुठल्यातरी शाळेच्या किंवा बसस्टँडच्या भिंतीवर पाहिली असतील. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, अशी. ती मी शेकडो वेळा नजरेखालून घातली होती. या खेपेला दोन कलमांपाशी थांबलो. त्यात मुक्या प्राण्यांसाठी शब्द आहे अभय. चारा नाही, दया नाही, अभय. आणि दुःखी, निराश माणसांसाठी शब्द आहे हिंमत. अभय म्हणजे भीती नसणं. भीती काय असते हे आठव्या वर्षी कळलेल्या माणसाला जनावरासाठी नेमका हाच शब्द सुचला, याचा मी फार अर्थ काढत नाही. पण शब्द तोच आहे.

२००६ च्या त्या पॅकेजमध्ये जनावरंही होती. अनुदानावर महागड्या दुभत्या गायी वाटल्या. आमच्या गावातही एका घरी आली, मोठी, काळीपांढरी. गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतून निघणारं पाणी खारं, हिरवा चारा नावाला. ती गाय घरातल्या माणसांपेक्षा जास्त खायची. बाई रोज तिच्यापुढे उभी राहून कपाळाला हात लावायची. काही महिन्यांनी गाय गेली. कागदावर ही योजना चुकीची वाटत नाही: जनावर दिलं की घर सावरतं. जनावर दिलं, कुरण कुठे होतं? ते नांगराखाली जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

बांड्या आणि तांब्या आमच्याकडे २०११ पर्यंत होते. त्यांचा शेवटचा पोळा मला आठवतो. आदल्या संध्याकाळी बाबांनी पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावली आणि रीतीप्रमाणे उद्या जेवायला या म्हणून आवतण दिलं. शिंगांना बेगड मी लावली. दिवाळीनंतर जोडी बाजारात गेली. ट्रॅक्टर भाड्यानं स्वस्त पडत होता, हे खरंच आहे, मी हिशेब करून पाहिलाय. मी तेव्हा शिक्षणासाठी अकोल्याला मामाकडे होतो. मला फोनवर सांगितलं. मी ठीक आहे म्हटलं आणि त्या रात्री तीनला पहिल्यांदा जाग आली. घाटी कुणाला विकली नव्हती. ती अजून कोठ्याच्या खुंटीला आहे, खाली आता मोटारसायकल लावतात.

गेल्या महिन्यात बाबांना फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "बाबा, कुटार टाकायला दहा मिनिटं लागत. तुम्ही कोठ्यात तासभर काय करत होता?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू येऊन बसे नं बैलापाशी. मले वाटे, पोट्ट्याले ढोरायचं लय याड हाय. तू उठेपर्यंत मीबी बसून राहो."

"अन् मी नसतो आलो तर?"

"तर काय," बाबा म्हणाले, "तू येत होता नं रोज."